परिचारिका हवी आहे. ती अजून सेतूच्या रांगेत उभी आहे

३० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२३ या ४८ तासांत नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३१ रुग्ण दगावले. त्यांत १६ बालके होती, आणि त्यांतील कित्येक तर अवघ्या काही दिवसांची. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, खासगी दवाखान्यांनी अखेरच्या क्षणी पाठविलेले अत्यवस्थ रुग्ण अशी अनेक कारणे पुढे आली. समित्या आल्या, मंत्री आले, छायाचित्रकार आले. काही दिवसांनी सारे परत गेले. देगलूर, किनवट, हिंगोली, परभणी आणि पलीकडच्या तेलंगणातून येणारे रुग्ण मात्र आजही त्याच रुग्णालयाच्या पायऱ्या चढत आहेत.

त्या घटनेची कारणमीमांसा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. परंतु नवजात अर्भकांच्या कक्षात रात्री दोन वाजता कोण जागे असते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टर फेरी मारून जातात. सलाईनचा थेंब, तान्ह्याचा श्वास आणि मातेची घाबरी नजर यांच्यावर लक्ष ठेवून उभी असते ती परिचारिका. अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. मराठवाड्यातील ज्या वाचकाने आपल्या माणसाच्या उशाशी शासकीय रुग्णालयात एखादी रात्र काढली असेल, त्याने हा दंडक आणि वास्तव यांतील अंतर स्वतः मोजलेले आहे. हे दुखणे केवळ आपले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि आणखी ५८ लाखांची उणीव आहे. दर हजार लोकांमागे तीन परिचारिका असाव्यात हा मापदंड. भारतात हे प्रमाण दोनच्या आसपास आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू. आपल्यासारख्या निवासी शाळांतून, वसतिगृहांतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून दरवर्षी असंख्य मुली दहावी-बारावी उत्तीर्ण होतात. त्यांतील अनेकींना परिचारिका व्हायचे असते. कुणी गावातील आरोग्यसेविकेला पाहून हे ठरविलेले असते, कुणी आजीच्या आजारपणात. म्हणजे एकीकडे रुग्णालयाला हात हवे आहेत आणि दुसरीकडे हात पुढे आलेले आहेत. या दोहोंच्या मध्ये जे उभे आहे ते म्हणजे प्रवेश-अर्ज नावाचे प्रकरण. परिचारिकांच्या टंचाईविषयी बोलताना आपण वेतन, पदभरती, इमारती यांविषयी बोलतो. अर्जाविषयी कुणी बोलत नाही. तो फार किरकोळ विषय वाटतो. माझे म्हणणे असे की, गरीब घरातील मुलीच्या दृष्टीने पहिली आणि बहुधा शेवटची अडचण तीच असते.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि ४५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ४० टक्के. ही अट वाजवी आहे आणि आपल्या मुली ती सहज पूर्ण करतात. त्यावर राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा. तीही असू द्यावी. परीक्षेला भिणारी आपली परंपरा नाही. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. परीक्षेसाठी एक नोंदणी व एक शुल्क. निकालानंतर केंद्रीय प्रवेश-फेरीसाठी पुन्हा नोंदणी व पुन्हा शुल्क. मग कागदपत्रांची छाननी, त्रुटी, दुरुस्ती, गुणवत्ता यादी, पसंतिक्रम, फेरी क्रमांक एक, दोन, तीन. जी.एन.एम. व ए.एन.एम. या पदविकांचे वेळापत्रक निराळे, संस्थास्तरीय जागांचे अर्ज आणखी निराळे. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तीच जन्मतारीख, तीच गुणपत्रिका आणि तीच झेरॉक्स.

गुणपत्रिका शासनाच्याच मंडळाने दिलेली असते आणि ती डिजिलॉकरमध्ये उपलब्ध असते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला हे तहसील व उपविभागीय कार्यालयांतून, म्हणजे शासनाकडूनच मिळतात. त्यांवर पडताळणीसाठी बारकोडही असतो. इतर मागास प्रवर्गातील मुलीला यांत नॉन-क्रिमीलेअरची भर. एका हाताने दिलेला कागद दुसऱ्या हाताने मागणारे हे शासन दोन्ही हात एकमेकांना कधी दाखवीत नाही. त्या दोन हातांमधील निरोप्याचे काम सतरा वर्षांच्या मुलीने करायचे असते. पदरखर्चाने.

सर्वांत बिकट टप्पा जात-वैधता प्रमाणपत्राचा. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ही गुंतागुंत ठाऊक नसते आणि आपल्यातील अनेकांना ती इतकी ठाऊक असते की तिच्याविषयी बोलण्याचाही कंटाळा येतो. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, कुटुंबाच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा व जातीचा पुरावा अपेक्षित असतो. पुण्या-साताऱ्याकडील कुटुंबास हा पुरावा एखाद्या जुन्या शाळेच्या दप्तरात सापडतो. मराठवाड्याचे तसे नाही. त्या दिवशी आपण हैदराबाद राज्यात होतो. कारभार उर्दूतून चाले. पोलीस कारवाईला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादेत आले आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. नांदेडचा किनवट तालुका तेव्हा आदिलाबादेत होता. म्हणजे उदगीरच्या मुलीने आपल्या पणजोबांचा शोध आधी लातुरात, मग धाराशिवात आणि तेथे न मिळाल्यास बीदरच्या जुन्या दप्तरात घ्यायचा. आणि किनवटच्या मुलीने थेट तेलंगणाच्या दिशेने पाहायचे. नोंद सापडलीच तर ती वाचणारा माणूस पुन्हा वेगळा शोधायचा.

त्यातही भूमिहीन माणसाची नोंद असते कोठे? ज्याच्या नावे सातबारा नाही, ज्याने शाळेचा उंबरा ओलांडला नाही, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा त्याच्या नातवंडांशिवाय दुसरा नसतो. आणि जेथे नोंदी आहेत तेथे त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आजोबांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात ‘महार’, वडिलांच्या टी.सी.वर ‘बौद्ध’, काकांच्या टी.सी.वर ‘नवबौद्ध’, आत्याच्या ‘हिंदू-महार’. गुरुजींनी त्या दिवशी जे लिहिले ते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या पूर्वजांनी जो निर्णय घेतला, त्याचा आपल्याला जन्मभराचा अभिमान आहे. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर लगेचच बौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने त्या १९९० मध्ये मान्य केल्या. कायद्याच्या पातळीवर हा प्रश्न तेव्हाच सुटला. खिडकीवरील कारकुनाच्या पातळीवर तो दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो.

येथे गैरसमज नको. वैधता प्रमाणपत्र रद्द करा, असे मी म्हणत नाही. खोट्या दाखल्यांवर आपल्या हक्काच्या जागा बळकावणारे कमी नाहीत आणि २००१ चा कायदा त्यांना रोखण्यासाठीच आला. पडताळणी हवीच, ती खऱ्या लाभार्थ्याच्या संरक्षणासाठी आहे. प्रश्न असा आहे की ती केव्हा व्हावी आणि तिचा भार कोणी वाहावा. वडिलांची, सख्ख्या भावाची वा रक्तसंबंधातील अन्य नातेवाइकाची वैधता झालेली असेल तर तिच्या आधारे मुलीला वैधता मिळाली पाहिजे, ही गोष्ट न्यायालयाने व नियमांनी मान्य केलेली आहे. मग ज्या समितीने भावाला प्रमाणपत्र दिले, तिच्याच संगणकात बहिणीची वंशावळ आधीच आहे. बहिणीने तीच वंशावळ पुन्हा शपथपत्रावर लिहून आणावी आणि त्यासाठी पुन्हा महिनोन्महिने थांबावे, यात कोणत्या बनावट दाव्याला आळा बसतो, हे मला उमगलेले नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावीत कुणीतरी सांगते की, बाबा, पडताळणीचा अर्ज आताच टाकून ठेव. कला शाखेच्या मुलीला ते कुणीच सांगत नाही. तिलाही ए.एन.एम.चे दार खुले आहे, हे खुद्द तिच्या शिक्षकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. निकाल लागल्यावर ती धावपळ सुरू करते तेव्हा समितीच्या कार्यालयात तिच्यासारख्यांची रीघ लागलेली असते. गेल्या काही वर्षांत शासनाने वैधता सादर करण्यास वेळोवेळी मुदतवाढ दिली, हे खरे. परंतु मुदतवाढीची बातमी येते ती अखेरच्या घटकेला, आणि तोवर जिला धीर धरवत नाही तिने नाद सोडलेला असतो. प्रवेशाची अंतिम तारीख परिचर्या परिषदेलाही अनेकदा पुढे ढकलावी लागली आहे. तारीख पुन्हा पुन्हा वाढवावी लागते याचा अर्थ विद्यार्थिनी आळशी आहेत असा घ्यायचा, की प्रक्रिया वेळेत पार पडण्याजोगी नाही असा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मागील उन्हाळ्यात एका मुलीची कागदपत्रे लावण्यास मी बसलो होतो. बारावीला ६८ टक्के, जीवशास्त्रात उत्तम. अर्जासाठी जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा, आणि वडील उसाच्या फडातून परतून पुन्हा वीटभट्टीवर गेलेले. ओटीपी तिकडे जाई. वडिलांना तो वाचता येत नसे. भट्टीवरील दुसऱ्या कुणाला तरी बोलावून ते आकडे फोनवर सांगत, तोवर त्याची मुदत संपे. चौथ्या वेळी ओटीपी लागला तेव्हा संकेतस्थळ बंद पडले. ती मुलगी मला म्हणाली, “सर, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.” आपल्या भागात मुलीच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षी’ या शब्दांचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमक्या याच काळात प्रवेशपरीक्षेच्या नोंदणीची जाहिरात येते. वेळापत्रक आखणाऱ्यांच्या दिनदर्शिकेत ऊसतोडीचा हंगाम नसतो.

याउलट लातूरच्या उद्योगभवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात एकदा फिरून यावे. ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलासाठी तेथे काय नाही? वर्ग, वसतिगृह, खानावळ, अभ्यासिका आणि शुल्क घेऊन पसंतिक्रम भरून देणारे समुपदेशकही. ‘लातूर पॅटर्न’चा गौरव साऱ्या राज्याने केला आणि तो उचितच होता, आपल्याही कित्येक विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला. मात्र त्या झगमगाटात डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला दहा वाटाडे आणि परिचारिका होऊ पाहणारीला एकही नाही. तिला भेटतो तो एजंट. “परीक्षा नको, व्हॅलिडिटी नको, बाहेरच्या राज्यात थेट प्रवेश देतो” असे सांगून तो मूळ कागदपत्रे ताब्यात घेतो. ते कॉलेज परिचर्या परिषदेच्या मान्यतेचे आहे काय, तेथे खरोखरीचे रुग्णालय आहे काय, हे विचारण्याचे भान त्या वेळी कुणाला राहत नाही. तीन-चार वर्षांनी पदवी हाती येते आणि नोंदणीच्या वेळी तिचे मोल कळते. सरळ वाट काट्यांनी भरली की आडवाटेचा धंदा चालतो. एजंटाला दोष देताना ती वाट कुणी बुजविली तेही पाहिले पाहिजे.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो पोकळ नाही. टंचाई शिकलेल्या परिचारिकांची नसून भरलेल्या पदांची आहे, असे अनेक जाणकार म्हणतात. शासनाने मंजूर पदे भरली नाहीत, कंत्राटी पद्धत आणली, म्हणून वॉर्ड रिकामे आहेत. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोताद्वारे भरतीच्या विरोधात राज्यातील शासकीय परिचारिकांना संप करावा लागला, तो याच कारणासाठी. अर्ज सोपा करून उद्या हजार मुलींना प्रवेश दिला आणि परवा त्यांना नोकरीच नसेल, तर काय साधले? या आक्षेपाशी मी बव्हंशी सहमत आहे. पदभरतीचा लढा चालूच राहिला पाहिजे. परंतु पदे भरण्याची जाहिरात निघेल त्या दिवशी आपल्या मुलींच्या हाती पदवी व नोंदणी असली पाहिजे, हेही तितकेच खरे. जागा निघाल्या आणि उमेदवार बाहेरून आले, असे आपल्या बाबतीत पूर्वी घडलेले आहे. शिवाय मागणी केवळ शासकीय रुग्णालयांत नाही. केंद्राने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर केली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि त्यात रुग्णालयांतील परिचारिकाही आहेत. श्टुटगार्टला परिचारिका पाठविण्याची तयारी असलेल्या राज्याला मुखेडची मुलगी नांदेडच्या परिचर्या महाविद्यालयात पोहोचविता येऊ नये, हे थोडे चमत्कारिकच नव्हे काय?

दर्जाची काळजी करणाऱ्यांनाही एवढेच सांगावेसे वाटते की, कागद गोळा करण्याची चिकाटी ही शुश्रूषेची कसोटी नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात कुक्षिविकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला न्हाऊ घातले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला बोलावून विचारणा केली. त्याच ठिकाणी चांगला शुश्रूषक कोण, याचेही विवेचन येते: जो औषध तयार करू शकतो, पथ्यापथ्य जाणतो, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, घाणीला किळसत नाही आणि रुग्णाला धीर देणारे बोलू शकतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पात्रता-यादी आजच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा मला अधिक व्यवहारी वाटते. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवणाऱ्या सावित्रीबाईंकडे कोणते प्रमाणपत्र होते?

मग करावे काय? बारावीच्या गुणांवर प्रवेश देणारी केरळची पद्धत वर्षानुवर्षे चालली आणि तेथील परिचारिका जगभर गेल्या. ती जशीच्या तशी येथे आणावी असा माझा आग्रह नाही. मागणे साधे आहे. ए.एन.एम., जी.एन.एम. आणि बी.एस्सी. या तिन्ही वाटांसाठी एकच अर्ज व एकच शुल्क असावे आणि तो मराठीत भरता यावा. नोंदणी करताना स्वयंघोषणा पुरेशी मानावी. दाखले मागायचे ते जागा मिळाल्यावर, आणि तेही शासनाकडे आधीच असलेले वगळून. रक्तसंबंधातील वैधता असेल तेथे समितीने ती स्वतः जोडून घ्यावी. वैधतेअभावी मिळालेली जागा हातची जाऊ नये. प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात सादर करण्याची मुभा कायमची असावी, दरवर्षी शेवटच्या दिवशी जाहीर होणारी कृपा म्हणून नव्हे. आणि प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात प्रवेशकाळापुरती एक मदतखिडकी असावी. ज्या कंधारच्या वा औशाच्या रुग्णालयाला परिचारिकांची निकड आहे, त्याच्याच आवारात भावी परिचारिकेचा अर्ज भरला जावा, याहून सयुक्तिक जागा कोणती? २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने प्रवेशाच्या समान पद्धतीचा विषय हाती घेतलाच आहे. ती पद्धत आखली जात असतानाच हे मुद्दे मांडले गेले पाहिजेत. संस्थेचे माजी विद्यार्थी आज मंत्रालयात, तहसील कार्यालयांत, रुग्णालयांत आणि वकिलीत आहेत. निवेदनाचा मसुदा त्यांनी करावा. सह्या आपण सारे देऊ.

शासन बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. निवासी शाळेचे एक मोठे बळ असे की, मुलगी आठवीपासून आपल्याच छताखाली असते. प्रवेशाच्या दिवशी पालक स्वतः उपस्थित असतात. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुलीला सोडायला आलेले असतात. त्याच दिवशी तिची एक धारिका उघडावी: वडिलांची, आजोबांची, काका-आत्यांची टी.सी. वा प्रवेश-निर्गम उतारा, कुटुंबात कुणाची वैधता झाली असल्यास तिची प्रत, गावच्या जुन्या शाळेचे नाव, १९५० साली ते गाव कोणत्या तालुक्यात व जिल्ह्यात होते याची टीप. नावातील वा जातीच्या नोंदीतील तफावत तेव्हाच लक्षात येते आणि ती दुरुस्त करण्यास चार वर्षे हाताशी असतात. मुलीच्या नावाने स्वतंत्र मोबाइल क्रमांक व ई-मेल दहावीतच करून ठेवावा. उर्दू व मोडी वाचणारी काही ज्येष्ठ मंडळी नांदेडात व उदगिरात अजून आहेत. त्यांच्याशी संपर्क ठेवण्याचे काम माजी विद्यार्थी संघाने अंगावर घ्यावे, कारण ही मंडळी वयोवृद्ध आहेत. आणि ज्या माजी विद्यार्थिनी आज परिचारिका आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार नववी-दहावीच्या मुलींसोबत घालवावा. आपल्या अर्जाच्या वेळी काय काय अडले ते त्यांनी सांगावे. त्याहून उपयुक्त माहितीपुस्तिका छापता येणार नाही.

यंदा ज्यांच्या मुली दहावीत व अकरावीत आहेत अशा पालकांना विनंती आहे की, दिवाळीनंतर मुलीला शाळेत सोडायला येताना आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावाचा जो काही कागद घरी असेल तो सोबत आणावा. तो फाटका असला, उर्दूत असला, अर्धा वाळवीने खाल्लेला असला तरी आणावा. कार्यालयात त्याची प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल.